ताऱ्यांचा हिशेब मांडणाऱ्या सिसिलियाबाई



आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असा अध्यक्षबाईंचा आग्रह झाला, तेव्हा मी लिंबाच्या लोणच्याची कृती देऊन मोकळी होणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा खाडीपलीकडे, आणि मुलीला रोज होडीतून कोण पाठवणार? म्हणून माझे दप्तर फळीवर गेले ते गेलेच. तेव्हा लेख लिहिणे हे काही माझे काम नव्हे. पण गेल्या दिवाळीत एका बाईंची हकीकत कानावर आली आणि ती काही केल्या मनातून जाईना. लोणचे पुढच्या वर्षीही घालता येईल, ही हकीकत मात्र यंदाच सांगावी असे ठरवले.

माझी भाची पुण्याला ताऱ्यांचा अभ्यास करते. पत्रिकेतल्या ग्रहताऱ्यांचा नव्हे. तारे कशाचे बनले आहेत, ते का तळपतात, याचा. एम.एस्सी. झाल्यावर आता ती पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहे. दिवाळीला आमच्याकडे आली ती चेहरा उतरवूनच. चकल्या पाडता पाडता हळूच विचारले, तेव्हा कळले की वर्षभर खपून तिने एक उत्तर काढले होते आणि ते मोठ्या मोठ्या लोकांच्या उत्तराशी जुळत नव्हते. ते ठेवावे की खोडून टाकावे, या विचाराने तिची झोप उडाली होती. मला त्यातले काय कळणार? तरी म्हटले, मावशीला समजेल अशा भाषेत सांग. तेव्हा तिने स्वतःचे सांगायचे सोडून, शंभर वर्षांपूर्वी तिच्यासारख्याच एका विद्यार्थिनीवर हीच पाळी आली होती, तिची गोष्ट सांगितली. पुढे मी हट्टाने पुन्हा पुन्हा विचारून, तिच्याकडून पुस्तकातले वाचून घेऊन जे समजले ते इथे लिहीत आहे.

त्या विद्यार्थिनीचे नाव सिसिलिया पेन. इंग्लंडमध्ये वेंडोव्हर नावाच्या लहानशा गावी 10 मे 1900 रोजी तिचा जन्म झाला. वडील वकील, इतिहासाचे जाणकार आणि गाणेबजावणे समजणारे होते. पण सिसिलिया चार वर्षांची असतानाच ते वारले. आईच्या पदरात तीन लहान मुले. सिसिलिया थोरली, तिच्या पाठीवर एक भाऊ आणि एक बहीण. आईने दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे न बघता तिघांना वाढवले. मोठेपणी मुलगा प्राचीन अवशेषांचा संशोधक झाला, धाकटी मुलगी घरे बांधण्याच्या शास्त्रात गेली, आणि थोरलीने तर आकाशच गाठले. एकटीने मुले वाढवणाऱ्या भगिनी आपल्यातही आहेत. त्या माउलीचे नाव मी मुद्दाम सांगते, ते एमा.

लहानपणी बाबागाडीतून फिरायला नेत असताना सिसिलियाने एक तारा तुटताना पाहिला होता. पुढे आठेक वर्षांची असताना घरच्या बागेत तिला एक रानफूल दिसले. मधमाशीच्या आकाराचे ते फूल असते, असे आईने कधीतरी सांगितले होते, पण आपल्याकडे ते मिळत नाही असेही सांगितले होते. हिने मात्र ते बघताक्षणी ओळखले. जे कुणी दाखवले नाही ते आपले आपल्याला ओळखू आले, याचा आनंद तिला जन्मभर पुरला.

पुढे भावाच्या शिक्षणासाठी घर लंडनला हलले. सिसिलियाच्या शाळेत गुस्ताव होल्स्ट हे नामांकित संगीतकार शिकवीत. ती व्हायोलिन चांगले वाजवी, तेव्हा हिने संगीतच करावे असे त्यांचे मत पडले. पण तिचा जीव शास्त्रात. कॉलेजच्या खर्चाची गोष्ट निघाली, तेव्हा घरचा पैसा मुलासाठी राखायचा ठरला. म्हणजे मैत्रिणींनो, ही रीत काही आपल्याच देशातली नव्हे! सिसिलियाने शिष्यवृत्ती मिळवली आणि 1919 साली केंब्रिज विद्यापीठातल्या न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात ती दाखल झाली. वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय तिने घेतले.

त्याच वर्षीची गोष्ट. 29 मे 1919 रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले होते. आर्थर एडिंग्टन हे केंब्रिजचे ज्योतिर्विद आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर जाऊन त्या ग्रहणाची छायाचित्रे घेऊन आले. सूर्याजवळून येताना ताऱ्यांचे किरण वाकतात हे आइन्स्टाइन यांचे म्हणणे त्यावरून पडताळून पाहिले गेले. त्याविषयी एडिंग्टन यांचे व्याख्यान होते. मुलींच्या कॉलेजाला तिकिटे मोजकीच आली होती. एका मैत्रिणीला जाता येईना म्हणून तिचे तिकीट ऐन वेळी सिसिलियाला मिळाले. ती व्याख्यान ऐकून खोलीवर आली आणि ऐकलेले सगळे जसेच्या तसे कागदावर उतरवून काढले. त्यानंतर तीन रात्री तिला झोप आली नाही. फुलापानांचा अभ्यास मागे पडला आणि पदार्थविज्ञान पुढे आले. एका तिकिटाने माणसाचा जन्म कसा बदलतो, पाहा.

पण पदार्थविज्ञानाच्या वर्गात मुली जवळजवळ नसतच. थोर शास्त्रज्ञ रदरफर्ड यांच्या वर्गात ही एकटी. बायकांनी सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायचे असा नियम. रदरफर्ड साहेब रोज हिच्याकडे रोखून पाहत आणि स्त्रियांना व सभ्य गृहस्थांना असा नमस्कार करून व्याख्यान सुरू करीत. त्यावर सगळे मुलगे टाळ्या वाजवीत आणि पाय आपटीत. रोज हिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे होई. तिने वर्ग सोडला नाही. पण पुढे केवढी मोठी विदुषी झाली तरी व्याख्यानाला गेली की तिचे पाय आपोआप अगदी मागच्या बाकाकडे वळत.

एकदा विद्यापीठाच्या वेधशाळेत लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवण्याची रात्र होती. हिने तिथल्या मदतनिसाला इतके प्रश्न विचारले की तो बिचारा पळत जाऊन, एक बाई प्रश्न विचारीत आहे, असे वर्दी देऊन आला. ज्यांना तो बोलावून आला ते एडिंग्टनच होते. सिसिलियाने त्यांना मला ज्योतिर्विद व्हायचे आहे असे सरळ सांगून टाकले. त्यांनी त्यात न ओलांडता येण्यासारखी अडचण दिसत नाही असे उत्तर दिले, आणि वेधशाळेचे ग्रंथालय तिला मोकळे करून दिले. तिने कॉलेजातली बंद पडलेली लहान दुर्बीणही पुन्हा चालू केली.

अभ्यास पुरा झाला, पण पदवी मिळाली नाही. ती नापास झाली म्हणून नव्हे. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा बायकांना शिकू देई, परीक्षा देऊ देई, पण पदवी देत नसे. तिथे बायकांना पदवी मिळू लागली ती 1948 साली. आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळाले त्याच्याही एक वर्षानंतर!

इंग्लंडात राहून बाईला शाळामास्तरीण होण्यापलीकडे वाट नाही, हे तिने ओळखले. अशात हार्लो शॅप्ली या अमेरिकन ज्योतिर्विदाचे व्याख्यान तिने लंडनला ऐकले होते. अमेरिकेतही केंब्रिज नावाचे गाव आहे, तिथे हार्वर्ड विद्यापीठ आहे, आणि शॅप्ली तिथल्या वेधशाळेचे प्रमुख होते. त्या वेधशाळेत बायकांसाठी पाचशे डॉलरची एक शिष्यवृत्ती होती. ती मिळवून सिसिलिया 1923 साली बोटीने एकटी अमेरिकेला गेली. वय तेवीस.

हार्वर्डच्या वेधशाळेत तिला एक वेगळेच जग दिसले. तिथे बायकांचे राज्य होते, निदान कामाचे तरी. दुर्बिणीतून येणारा ताऱ्यांचा उजेड काचेच्या तावदानावर छायाचित्रासारखा उतरवून ठेवीत. अशी लाखो तावदाने तिथे साठली होती आणि ती तपासण्याचे काम कित्येक वर्षे बायकाच करीत होत्या. त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग तर मूळच्या वेधशाळेच्या प्रमुखांच्या घरी कामाला होत्या. अॅनी कॅनन या दुसऱ्या बाई कानांनी जवळजवळ बहिऱ्या, पण डोळा असा की त्यांनी जन्मभरात सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांची वर्गवारी केली. हेन्रिएटा लेव्हिट यांनी ताऱ्यांचे अंतर मोजण्याची किल्ली शोधली. त्या 1921 साली वारल्या होत्या. सिसिलियाला बसायला लेव्हिटबाईंचेच मेज मिळाले. रात्री उशिरापर्यंत तिथे दिवा दिसे, तेव्हा लेव्हिटबाईंचे भूत अजून काम करते अशी बोलवा उठली. भूत कसले, ही आमची विद्यार्थिनी रात्र रात्र जागत होती!

ती काय शोधत होती ते आता सांगते. घाबरू नका, मला समजले ते तुम्हाला नक्की समजेल.

काचेच्या लोलकातून ऊन गेले की भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ताऱ्याचा उजेड असाच पसरला की त्याचाही पट्टा मिळतो. त्याला वर्णपट म्हणतात. बारकाईने पाहिले तर त्यात मधे मधे काळ्या रेघा असतात. प्रत्येक पदार्थाच्या रेघा ठरलेल्या. लोखंडाच्या वेगळ्या, चुन्यातल्या कॅल्शियमच्या वेगळ्या, हायड्रोजन वायूच्या वेगळ्या. म्हणून तारा कितीही लांब असला तरी त्यात काय काय आहे ते घरबसल्या ओळखता येते. सूर्याच्या वर्णपटात लोखंड, कॅल्शियम यांच्या रेघा भरपूर. तेव्हा सूर्यही आपल्या पृथ्वीसारख्याच मालाचा बनला आहे, फक्त तापून लाल झाला आहे, असे सगळे पंडित धरून चालले होते.

पण काय काय आहे हे कळणे वेगळे आणि किती किती आहे हे कळणे वेगळे. हिंगाचेच घ्या ना. चिमूटभर हिंग तापल्या तेलात पडला की चार घरांत वास जातो. म्हणून आमटीत हिंग जास्त आणि डाळ कमी असे कुणी म्हणेल का? तोच हिंग गार पाण्यात टाका, वास बेताचाच येईल. तेव्हा नुसत्या वासावरून माप काढायचे तर आंच किती होती हे आधी कळले पाहिजे. ताऱ्यांचेही तसेच. रेघ ठळक की पुसट हे पदार्थ किती आहे एवढ्यावर ठरत नाही, तारा किती तापला आहे यावरही ठरते.

ही आंचेची किल्ली कुणी शोधली, ठाऊक आहे? आपल्याच एका भारतीयाने. मेघनाद साहा यांनी. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका गरीब दुकानदाराचा हा मुलगा. 1920 साली त्यांनी कलकत्त्याहून एक सूत्र मांडले. उष्णता वाढली की अणूतले इलेक्ट्रॉन नावाचे कण सुटू लागतात आणि त्यामुळे त्या पदार्थाच्या रेघा बदलतात. कोणत्या उष्णतेला किती अणूंचे असे होईल, याचा हिशेब त्या सूत्राने करता येतो. सूत्र कलकत्त्याचे आणि काचेची तावदाने हार्वर्डची. मिल्न या इंग्रज शास्त्रज्ञाने सिसिलियाला या दोहोंचा मेळ घालण्याची सूचना निघतानाच केली होती. आपल्याकडची बुद्धी आणि तिकडची सामग्री एका मुलीच्या मेजावर एकत्र आली, याचा मला फार अभिमान वाटतो.

तरी काम सोपे नव्हते. कित्येक महिने तिला कशाचा मेळ कशाशी लागतो तेच कळेना. एकेक तावदान भिंगाखाली धरायचे, रेघ किती ठळक ते डोळ्यांनी ठरवायचे, मग आकडेमोड. हळूहळू धागा सुटत गेला. कॅल्शियम, लोखंड, सिलिकॉन अशा पदार्थांचे आपसातले प्रमाण ताऱ्यांत जवळजवळ पृथ्वीसारखेच निघाले. पण हायड्रोजन आणि हेलियम या दोन हलक्या वायूंचे आकडे भलतेच आले. हायड्रोजन तर धातूंच्या मानाने सुमारे दहा लाख पट निघाला. म्हणजे ज्याला सगळे डाळ समजत होते तो चिमूटभर हिंग होता, आणि खरी डाळ होती हायड्रोजन!

शॅप्लींनी तिचे लिखाण प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवले. रसेल हे शॅप्लींचे गुरू, म्हणजे हिच्या गुरूचे गुरू, आणि अमेरिकेतले त्या विषयातले सर्वांत मोठे पंडित. 1925 च्या जानेवारीत त्यांचे उत्तर आले. बाकी काम त्यांना आवडले होते, पण हायड्रोजन इतका असणे ही गोष्ट उघडच अशक्य आहे, असे त्यांनी कळवले.

आता या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वय पंचवीस पुरे नाही. परका मुलूख. शिष्यवृत्तीवर पोट. त्या थोर माणसाच्या एका शब्दावर पुढची नोकरी मिळणार किंवा जाणार. तिने काय केले? आकडे तिने प्रबंधात ठेवले, पण त्यांच्या पुढे आपल्याच हाताने लिहिले की हायड्रोजन व हेलियमचे हे मोठे प्रमाण बहुतेक खरे नसावे. आपल्याच लेकराला आपले नव्हे म्हणण्यासारखे ते झाले.

भाची इथवर आली आणि माझा हात सोऱ्यावरच थांबला. कारण मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. आपल्या मंडळाच्या दिवाळी फराळाचा हिशेब काही वर्षे मी लिहीत असे. एका वर्षी माझ्या वहीप्रमाणे बेसनाच्या दोन पोत्यांचे पैसे दुकानाला जास्त गेले होते. मी तीन वेळा बेरीज केली होती. वही बघायला आलेल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी पानावर एक नजर टाकली आणि असे होणे शक्यच नाही म्हणून सांगितले. झाले. सातवी शिकलेल्या बाईचीच चूक असणार असे मनाशी म्हणून मी खोडरबर घेतला, माझा आकडा पुसला आणि त्यांचा लिहिला. पुढे संक्रांतीच्या सुमारास दुसरी पावती सापडली आणि माझाच आकडा खरा निघाला. पैसे परत मिळाले. पण मी तेव्हाच काढले होते हे दाखवायला वहीत काहीच उरले नव्हते. त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. राग आला तो त्या खोडरबराचा, आणि तो धरणाऱ्या हाताचा.

सिसिलिया माझ्यापेक्षा शहाणी. तिने आकडा पुसला नाही, फक्त त्याच्याजवळ शंका लिहिली. 1925 साली तिला डॉक्टरेट मिळाली. तीही हार्वर्डची नव्हे, कारण हार्वर्डही बायकांना पदवी देत नसे. त्याला जोडलेल्या रॅडक्लिफ या बायकांच्या कॉलेजातून ज्योतिर्विज्ञानात डॉक्टर झालेली ती पहिली. आता तिला अगंतुगं करून चालायचे नाही, म्हणून इथून पुढे मी त्यांना सिसिलियाबाई म्हणते.

चार वर्षांनी, 1929 साली, स्वतः रसेल यांनी वेगळ्या रीतीने सूर्याचा हिशेब केला. उत्तर तेच आले. सूर्यात हायड्रोजनच सर्वांत जास्त! त्यांनी आपल्या लेखात सिसिलियाबाईंच्या कामाचा उल्लेख केला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण मोठ्या माणसाने सांगितले म्हणून जगाने मानले, आणि पुष्कळ वर्षे शोध त्यांच्याच नावावर गणला गेला. सूर्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक सगळा हेलियम, हे आज शाळेतल्या पुस्तकातही असते. बाईंचे नाव मात्र क्वचितच असते. पुढे 1962 साली दोन ज्योतिर्विदांनी आपल्या पुस्तकात, या विषयात आजवर लिहिला गेलेला सर्वांत तेजस्वी प्रबंध हाच, असा त्याचा गौरव केला.

सिसिलियाबाईंनी उतारवयात स्वतःची हकीकत लिहिली आहे. त्यात त्यांनी रसेल यांना दोष दिलेला नाही. आपले खरे आहे असे वाटत असताना आपण मोठेपणापुढे मान तुकवली, हा दोष आपलाच, असे त्यांनी कबूल केले आणि तरुणांनी हे करू नये म्हणून बजावले. मला त्या बाईंचा सगळ्यांत मोठेपणा इथे वाटतो.

प्रबंधानंतरचे दिवसही सुखाचे नव्हते. पहिला पगार महिनाअखेर हातात पडेपर्यंत त्यांना आपले दागिने आणि व्हायोलिन गहाण ठेवावे लागले. पुढे त्या शिकवीत, पण त्यांचे वर्ग विद्यापीठाच्या यादीत कित्येक वर्षे छापलेच जात नसत. त्यांचा तुटपुंजा पगार वेधशाळेच्या सामानसुमानाच्या खर्चात दाखवला जाई. माणसाचा पगार सामानात! 1932 साली त्यांची जिवाभावाची मैत्रीण अॅडलेड एम्स तळ्यात बुडून गेली. दुःखाने त्या खचल्या, पण काम सोडले नाही.

1933 साली त्या युरोपात गेल्या असता जर्मनीत त्यांना सर्गेई गपोश्किन नावाचे एक रशियन ज्योतिर्विद भेटले. मायदेश सुटलेला, आणि जर्मनीत हिटलरचे राज्य आलेले. सिसिलियाबाई येणार असे कळताच हे गृहस्थ कितीतरी लांबून सायकलने त्यांना भेटायला गॅटिंगनला आले होते. बाईंनी परत जाऊन खटपट केली, त्यांना अमेरिकेत येण्याचा परवाना आणि वेधशाळेत काम मिळवून दिले, आणि 1934 च्या मार्चमध्ये दोघांचे लग्न झाले. त्यांना तीन मुले झाली. मुलांना सांभाळायची सोय नसे तेव्हा ती वेधशाळेतच खेळत. नवराबायकोने मिळून, मदतनिसांना हाताशी धरून, तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची साडेबारा लाखांहून अधिक निरीक्षणे केली, आणि पुढे मॅगेलनच्या मेघांतल्या ताऱ्यांची आणखी वीस लाख. हे वाचून कुणी म्हणेल, मग घराकडे बघत होते कोण? तर त्यांच्या लेकीने लिहिले आहे की आई शिवणकामात निपुण होती, विणकामात नवनवीन नमुने काढी आणि पुस्तकांचा फडशा पाडी.

शेवटी 1956 साली, प्रबंधानंतर एकतीस वर्षांनी, हार्वर्डने त्यांना पूर्ण प्राध्यापकाची जागा दिली. तिथल्या कला व विज्ञान शाखेत पायरीपायरीने वर चढून त्या पदाला पोचलेल्या त्या पहिल्या बाई. मग त्या विभागप्रमुखही झाल्या, आणि हा मानही हार्वर्डमध्ये बाईला प्रथमच मिळत होता. 1976 साली अमेरिकेतल्या ज्योतिर्विदांच्या संस्थेने त्यांना आपला मोठा पुरस्कार दिला. त्या पुरस्काराला नाव कुणाचे? हेन्री नॉरिस रसेल यांचे! सिसिलियाबाईंनी तो शांतपणे घेतला, आणि जगात आजवर कुणी न पाहिलेले आपल्याला प्रथम दिसणे याहून मोठे बक्षीस तरुण शास्त्रज्ञाला नाही, अशा अर्थाचे भाषण केले. बागेतले ते फूल त्यांना तेव्हा आठवले असेल काय? मला तर आठवले. 7 डिसेंबर 1979 रोजी त्या वारल्या.

भगिनींनो, गोष्ट संपली. चकल्याही संपल्या होत्या. भाचीने मला विचारले की मावशी, मी काय करू? मी म्हटले, तुझे उत्तर बरोबर की चूक हे मला सातवीवालीला काय कळणार? पण चौथ्यांदा तपासून बघ. चूक सापडली तर आनंदाने खोड. चूक सापडली नाही तर केवळ कुणी मोठे म्हणाले म्हणून खोडू नको. नम्रपणे लिही, पण लिही. ती पुण्याला गेली आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसली. तिचा निकाल अजून लागायचा आहे. बरोबर निघेल की चूक, देव जाणे. पण परवा फोनवर तिचा आवाज ऐकला, आता झोप लागते म्हणाली. मला तेवढे पुरे आहे.

यंदा फराळाच्या हिशेबाची वही पुन्हा माझ्याकडे आली आहे. मी ती शाईच्या पेनाने लिहिते. बेरीज चुकली तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती करते, म्हणजे आधी काय लिहिले होते तेही दिसते. वही कुणालाही केव्हाही बघायला मिळेल. सकाळी अंगणात ऊन आले की मी ती घेऊन बसते, आणि हे ऊन कशाचे आहे ते आता मला ठाऊक आहे.

लिहिण्यात काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.